आधी टाळी, मग घुंगरू: जवळच्या कथक क्लासला मुलांनी आणि मोठ्यांनी सुरुवात कशी करायची

जून उजाडला की क्लासच्या चौकशा सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मुलगी साडेचार वर्षांची आहे, चालेल का, मुलगा आहे पण त्याला नाचायला फार आवडतं तर घ्याल का, घुंगरू आत्ताच आणायचे का, गॅदरिंगमध्ये नाचायला मिळेल ना, आणि हे सगळं मुलांबद्दल विचारून झालं की आई हळूच विचारते, मोठ्यांचा वर्ग असतो का हो? मी स्वतः मोठेपणी शिकायला लागले आणि आता आमच्या ताईंच्या हाताखाली नवीन आलेल्यांचे वर्ग घेते, सोसायटीचा हॉल, वाचनालयाचा वरचा मजला, शाळा सुटल्यावर रिकामा झालेला वर्ग अशा जागी चालणारा हा आपला साधा क्लास, तर अशा क्लासला जायचं असेल तर काय बघायचं, घरी काय करायचं, कशाची घाई करायची नाही, हे एकदा नीट लिहून ठेवते. मी कथकबद्दलच लिहितेय कारण मला तेच येतं, पण भरतनाट्यमला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कथक आधी कानात आणि हातात बसतं, मग पायात उतरतं, आणि बाकीचं शरीर त्याच्यामागून येतं. ताल हातावर धरता येत नसेल तर पायात कितीही घुंगरू बांधा, तो नुसता आवाज होतो. म्हणून पहिलं वर्ष, खरं तर पहिली दोन वर्षं, मुख्यतः टाळी, पढंत (तालाचे बोल तोंडाने म्हणणं) आणि तत्कार (तेच बोल पायांनी वाजवणं) यांची. पालकांना वाटतं अजून काहीच शिकवलं नाही, आणि नेमकं ह्याच काळात सगळं शिकवून होत असतं.

वय किती हवं

साधारण सहा-सात वर्षं पूर्ण झाली की मूल सोळापर्यंत लक्ष न हरवता मोजू शकतं, डावं-उजवं कळतं, तासभर एका जागी सूचना ऐकू शकतं, तेव्हा नियमित शिकायला हरकत नाही. पाच वर्षांची मुलंही येतात आणि काही छान टिकतात, पण त्यांच्याकडून कडक तत्कार करून घेण्यापेक्षा टाळ्यांचे खेळ, चालीवर चालणं, थांब म्हटलं की थांबणं, हस्तमुद्रांमधून मोर-हरीण-मासा ओळखणं असं करून घेणारी बाई मिळाली तर भाग्यच. चार वर्षांच्या मुलाला टाइल्सच्या फरशीवर अर्धा तास पाय आपटायला लावणारा क्लास असेल तर मी तरी तिथे पाठवणार नाही.

मुलग्यांबद्दल जो प्रश्न येतो ना, त्याचं उत्तर एकच, घ्या. कथकची घराणी पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीच चालवलीत, लखनऊचे बिंदादीन महाराज, त्यांच्या पुढच्या पिढीतले अच्छन, लच्छू आणि शंभू महाराज, मग अच्छन महाराजांचे चिरंजीव बिरजू महाराज, ही सगळी नावं मुलाला सांगा, व्हिडिओ दाखवा. आणि वर्गात एकच मुलगा असेल तर दुसरा कुणी मित्र बरोबर येतोय का बघा, खूप फरक पडतो.

मोठ्यांना वरची मर्यादा नाही. पन्नाशीनंतर सुरू करणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत आणि त्यांची पढंत ऐकाल तर कान तृप्त होतील. मोठ्यांचं डोकं पटकन समजतं आणि शरीर मागे राहतं, मुलांचं उलटं असतं, हे एवढं लक्षात ठेवलं की पहिल्या महिन्यात रडू येत नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा

फॉर्म भरण्याआधी एक पूर्ण वर्ग बसून बघू द्याल का असं विचारा. चांगल्या ताई नाही म्हणत नाहीत. आणि बसलात की मुलांच्या चेहऱ्यांकडे नको, बाईंच्या नजरेकडे बघा. त्या प्रत्येकाच्या पायाकडे बघतायत का, का पुढच्या रांगेतल्या तीन हुशार मुलींकडेच? मुलं बोल तोंडाने म्हणतात का, हातावर ताल देतात का? ताल न देता नुसतं गाणं लावून "एक दो तीन चार" वर नाच बसवला जात असेल तर तो क्लास वाईट आहे असं नाही, मुलं आनंदाने नाचतात तिथे, पण ते कथक शिकणं नाही आणि फी कशाची देतोय हे आपल्याला माहीत असावं.

ताई कोणाकडे शिकल्या, किती वर्षं शिकल्या, अजून शिकतायत का, हे सरळ विचारा. आपल्या कलेत हा प्रश्न अजिबात उद्धट नाही, उलट शिष्याने आपल्या गुरूंचं नाव अभिमानाने सांगायचं असतं. पुण्यात तर ह्याला मोठा इतिहास आहे, रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली, त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या मुलींनी कथक शिकणं ही सहज मान्य होणारी गोष्ट नव्हती, आणि स्वतः लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे शिकलेल्या रोहिणीताईंनी पुढे कित्येक शिष्या तयार केल्या. आज पुण्यात गल्लोगल्ली कथकचे वर्ग दिसतात त्याच्या मुळाशी त्यांच्या पिढीचे कष्ट आहेत. तुमच्या ताई लखनऊ घराण्याच्या वळणाने शिकवतात का जयपूरच्या, हे पहिल्या दिवशी कळलं नाही तरी चालेल, पण एकदा शिकायला लागलात की मधेच दुसऱ्या वळणाचे व्हिडिओ बघून हात बदलू नका, दोन्ही सुंदर आहेत, मिसळण्याची वेळ फार नंतर येते.

तबल्याची साथ दर वर्गाला प्रत्यक्ष मिळणं छोट्या क्लासला परवडत नाही, हे समजून घ्या. लेहरा (ताल धरायला सतत फिरत राहणारी एकच धून) आणि तबल्याचा ठेका ॲपवर लावून वर्ग चालतात आणि चालू देत. पण महिन्यातून एखाद्या वेळी तरी तबलजी येतात का हे विचारा, कारण जिवंत तबल्याबरोबर नाचताना लय किंचित श्वास घेते, ते मोबाइलवर कळत नाही.

आता जमीन. याबद्दल कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच होतो. लाकडी जमीन सगळ्यात चांगली, पण आपल्या हॉलमध्ये कोटा नाहीतर टाइल्सच असतात आणि त्याखाली काँक्रीट. तिथे पाय आपटला की झटका नडगीत आणि गुडघ्यात जातो. उपाय असा की आवाज जोरात काढायचा हट्ट सोडायचा, पूर्ण तळवा सपाट टेकवायचा, टाच वेगळी आपटायची नाही, गुडघे ताठ कुलूपबंद न ठेवता किंचित सैल, आणि मधे मधे बसून पढंत. सतरंजीवर नाचू नका, सरकते आणि पाय मुरगळतो. योगा मॅटवर पाय अडकतो, चक्कर, म्हणजे गिरकी, घेताना गुडघ्याला पीळ बसतो. हॉलमध्ये लाकडी स्टेज असेल तर मोठ्या ताईंनी समितीला विनंती करून लहान मुलांचा वर्ग तिथे घ्यावा, आम्ही तसंच करतो.

आणखी एक, मुलांच्या सुरक्षिततेचं. शरीराची ठेवण शिकवताना हात लावून दुरुस्त करावं लागतं, खांदा खाली, कोपर वर, हे नुसतं सांगून होत नाही, पण चांगली बाई किंवा सर आधी विचारतात, "हात लावू का?" आणि हे सगळं उघड्या दाराच्या खोलीत, बाकीच्या मुलांसमोर होतं. पालकांना वर्ग कधीच बघू देत नाहीत असा नियम असेल तर मला तो पटत नाही. रोज बसू नका, मूल तुमच्याकडेच बघत राहतं, पण महिन्यातून एक दिवस पालकांसाठी असावा. मुलाला घ्यायला कोण येणार ते वर्गात लिहून ठेवलेलं असावं.

फीबद्दल विचारताना नुसता आकडा विचारू नका, त्यात काय काय आलं ते विचारा. परीक्षेचा फॉर्म, वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख, तबलजींचं मानधन, मेकअप, हे सगळं वेगळं असतं बऱ्याच ठिकाणी आणि डिसेंबरमध्ये एकदम अंगावर येतं. कोणाला एकदम जमत नसेल तर आधी बोला, मोहल्ल्यातल्या क्लासमध्ये बहुतेक ताई वाट काढतात, पोशाख तर मोठ्या मुलींचे लहानींना जातातच.

पहिल्या वर्षात नक्की काय शिकायचं

वर्गाची सुरुवात भूमिवंदनाने होते. आपण ह्या जमिनीवर पाय आपटणार म्हणून आधी तिला नमस्कार. लहान मुलांना हे फार मनापासून कळतं, मोठ्यांनी उरकून टाकू नये.

मग त्रिताल. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर हात पालथा करून खाली, म्हणजे काल. तोंडाने ठेका म्हणायचा, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आता ऐका, तिसऱ्या भागात "धिं"चा "तिं" आणि शेवटच्या "धा"चा "ता" होतो आणि डग्गा गप्प होतो, डोळे मिटून ऐकलं तरी खाली आली हे कळतं. मूल जेव्हा न मोजता, नुसत्या कानाने खाली ओळखायला लागतं ना, तो दिवस मला पहिल्या स्टेज शोपेक्षा मोठा वाटतो. घरी करायचं असेल तर ॲपवर त्रिताल लावा, लय अगदी सावकाश ठेवा, आणि मधूनच आवाज बंद करून मुलाला म्हणू द्या, मग परत सुरू करा, बघा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोबर भेटतात का दोघं. ह्या खेळाला मुलं कंटाळत नाहीत.

हातावर ताल पक्का झाला की तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, हे आठ बोल दोनदा म्हटले की सोळा झाले. उजव्या पायाने सुरुवात, कुठल्या बोलाला कुठला पाय हे तुमच्या ताई सांगतील तसंच ठेवा. आधी उभं राहून नुसतं तोंडाने, मग बसून हातांनी मांडीवर, उजवा पाय म्हणजे उजवा हात, आणि मग पायांनी. हा मधला बसून करायचा टप्पा लोक गाळतात, गाळू नका, विशेषतः मोठ्यांनी, कारण गुडघ्यावर भार न टाकता निम्मा सराव तिथेच होतो. त्यानंतर त्याच लयीत ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे एका मात्रेत एक बोल, मग दोन, मग चार. मूळ लय वाढवायची नसते, तीच ठेवून बोल दुप्पट करायचे, हा फरक डोक्यात बसायला वेळ लागतो आणि लागू द्यावा. सगळे चौगुनच्या मागे असतात. पण ठायीत, अगदी सावकाश लयीत, एकसारखा आवाज दोन्ही पायांतून काढणं हे चौगुनपेक्षा कठीण आहे आणि परीक्षकांचे कानही तिथेच असतात.

तिहाई शिकवायला मला सगळ्यात आवडतं. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदाचा शेवटचा बोल बरोबर समेवर पडला पाहिजे. सोपी तिहाई सांगते, आज घरी करून बघा. त्रितालात नवव्या मात्रेवर, खालीपासून सुरू करायचं, "तत् तत् थेई, तत् तत् थेई, तत् तत् थेई". तीन त्रिक नऊ, नववी ते सोळावी आठ मात्रा झाल्या आणि नववा बोल, शेवटचा थेई, तो पुढच्या आवर्तनाच्या, म्हणजे सोळा मात्रांच्या पुढच्या फेऱ्याच्या, समेवर. आता समेपासून समेपर्यंतची तिहाई हवी असेल तर पाच मात्रांचा तुकडा घ्या, मग एक मात्रा थांबा, परत पाच, परत एक थांबा, परत पाच. पाच अधिक एक अधिक पाच अधिक एक अधिक पाच, सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजेच सम. चौथी-पाचवीतल्या मुलांना हे कळलं की ती स्वतःच्या तिहाया बांधायला लागतात, वहीत चौकोन आखून, आणि गणिताला घाबरणारी मुलंही इथे रमलेली मी बघितलीत. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा, तो आला की म्हणावं, आता ह्यात समेपासून समेपर्यंत बसणारी तिहाई शोधून आणा. उत्तर सांगायचं नाही, आठवडा देऊन टाकायचा. (पालकांसाठी: तीन मात्रांचा तुकडा आणि मधे एकेक मात्रा थांबलात तर अकरा होतात.)

हस्तमुद्रा ह्याच वर्षी सुरू होतात, अभिनयदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथातल्या असंयुत हस्तांपासून, म्हणजे एका हाताच्या मुद्रांपासून, पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख, मयूर असा क्रम श्लोक म्हणत म्हणत पाठ होतो. मग थाट (उभं राहण्याची डौलदार ठेवण), आमद (प्रवेशाचे बोल), छोटे तोडे-तुकडे (बोलांच्या लहान रचना), आणि वर्षाच्या शेवटाकडे एखादी गत (डौलदार चालीचा भाग). चक्कर उशिरा. मुलांना चक्कर लगेच हव्या असतात कारण व्हिडिओत त्याच दिसतात. शिकवताना नजर समोर एका खुणेवर, अंग फिरतं, मान शेवटी फिरते आणि नजर सगळ्यात आधी परत खुणेवर येते, हे चालत चालत, सावकाश, महिनाभर करायचं. भरल्या पोटी नको. मोठ्यांपैकी ज्यांना गरगरण्याचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून मगच, आणि चक्कर नाही घेतली म्हणून कथक अपुरं राहत नाही, अभिनय आणि पढंत यात आयुष्य जाईल एवढं काम आहे.

घुंगरू कधी, किती

पहिले काही महिने घुंगरूंशिवाय. घुंगरू बांधले की चुकीचा पायही छान वाजल्यासारखा वाटतो. ताई सांगतील तेव्हा आणा, लहानांना एका पायात साधारण २५ ते ५०, मोठ्यांना पुढे हळूहळू १०० पर्यंत. कथकचे घुंगरू सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले असतात, भरतनाट्यमसारखे चामड्याच्या पट्ट्यावरचे नकोत, दुकानात स्पष्ट सांगा. घेताना एकेक हलवून बघा, आतली गोळी असते ना तिचा आवाज सगळ्यांचा जवळजवळ सारखा हवा, आणि घुंगरूच्या तोंडाच्या कडा बोटाने चाचपा, धारदार असल्या तर दुसऱ्या पायाचा घोटा सोलून निघतो. बांधताना घोट्यापासून वर गुंडाळत जायचं, घट्ट पण पाय मुंग्या येईपर्यंत नाही, लहान मुलांना आतून पातळ सुती पट्टी बांधा. घाम लागलेले घुंगरू तसेच डब्यात कोंबू नका, दोरी कुजते, वाळवून मग कापडी पिशवीत. आणि नव्या पोशाखाची सुरुवातीला अजिबात गरज नाही, सुती चुडीदार-कुर्ता, ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला घट्ट, केस बांधलेले, पाण्याची बाटली, एक वही. फार ढगळ पलाझो घालून येऊ नका, पाय दिसत नाहीत आणि ताईंना दुरुस्त करता येत नाही.

घरचा रियाज

लहान मुलांसाठी रोज दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा हजार पटीने चांगली. शाळेतून आल्यावर दूध पिऊन झालं की, अशी वेळ ठरलेली असू दे. फ्लॅटमध्ये खालच्यांना त्रास होतो हे खरं आहे, म्हणून घरी पढंत, हस्तक (हातांच्या हालचाली), नजर, बसून तत्कार, आणि पाय आपटायचं काम वर्गात किंवा गच्चीवर झाडून घेऊन, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये अनवाणी नाही हं, तिथे खडे असतात.

एक विनंती अगदी मनापासून. पाहुणे आले की "दाखव बरं नाच करून" म्हणू नका. मूल अर्धवट शिकलेलं दाखवतं, टाळ्या मिळतात, मग पुढचं शिकायची ओढ कमी होते, नाहीतर लाजून नाही म्हणतं आणि सगळ्यांदेखत ओरडा खातं. त्याऐवजी आजी-आजोबांना टाळी द्यायला बसवा आणि मुलाला म्हणू द्या. आजोबांची टाळी चुकली की मूल त्यांना शिकवतं, आणि शिकवता शिकवता त्याचं स्वतःचं पक्कं होतं.

मोठ्यांचं वेळापत्रक वेगळं. ऑफिस, स्वयंपाक, कुणाचं आजारपण, यात वीस सलग मिनिटं मिळणं कठीण, म्हणून तुकड्यात करा. लोकलमध्ये हाताच्या बोटांवर मात्रा मोजत बोल म्हणता येतात, कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना तत्कार होतो, झोपण्याआधी घोटे गोल फिरवणं, पोटऱ्या ताणणं. वर्गाआधी पाच-सात मिनिटं अंग गरम केल्याशिवाय थेट तत्काराला उभं राहू नका. नडगीच्या पुढच्या भागात दुखायला लागलं तर ते "होतंच सुरुवातीला" म्हणून दाबून नाचू नका, थांबा, बर्फ लावा, एक-दोन वर्ग बसून पढंत करा, तरी कमी नाही झालं तर डॉक्टर. बाळंतपणानंतर परत येणाऱ्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊनच आणि पहिल्या महिन्यात उड्या, जोराचे पाय, चक्कर तिन्ही बाजूला. अंग थकलेलं असेल त्या दिवशी वर्गाला दांडी मारू नका, येऊन बसा, हातावर ताल द्या, कान शिकत असतो.

आई आणि मुलगी एकाच बॅचला असतील तर एकच नियम, वर्गात आईने मुलीला सुधारायचं नाही. ते काम ताईंचं. मुलगी पुढे जाते हे बहुतेक वेळा होतं, आणि घरी तीच आईला शिकवते, दोघींनी ते होऊ द्यावं. मोठ्या बायकांना आरशासमोर उभं राहायची लाज वाटते पहिल्यांदा, पोट दिसतं, दंड दिसतात. मागच्या रांगेत उभ्या राहा हवं तर, पण मागच्या रांगेतून पुढच्यांची नक्कल करून नाचायची सवय लागते, म्हणून महिन्याभरात एकदा तरी पुढे या.

परीक्षा द्यायची का

आपल्याकडे बहुतेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ स्थापन केलं, ती ही परंपरा. नृत्याची चढण अशी, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, आणि त्यापुढे अलंकार. वर्षातून दोन सत्रं होतात. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो, ताललिपी, म्हणजे ताल आणि बोल मात्रांप्रमाणे मांडून, लिहायला लागते, म्हणून ती वही पहिल्या दिवसापासून. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त येते, अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहून पढंत करायचं धैर्य येतं, हे फायदे खरे आहेत. पण दर सत्राला एक परीक्षा उरकत दहाव्या-अकराव्या वर्षी मध्यमा झालेली मुलं मी बघते आणि त्यांना सावकाश लयीत नीट उभं राहता येत नाही. दोन परीक्षांमध्ये निदान वर्षाचं अंतर ठेवा, ताईंनी "अजून तयार नाही" म्हटलं तर वाद घालू नका. मोठ्यांनी द्यावी का? द्यावी, हौसेने द्यावी, केंद्रावर शाळकरी मुलींच्या रांगेत बसलेली पंचेचाळिशीची बाई ही आता नवलाची गोष्ट नाही.

मुलाला खरंच ओढ असेल तर दिल्लीच्या सीसीआरटीची (केंद्र सरकारची सांस्कृतिक प्रशिक्षणाची संस्था) शिष्यवृत्ती असते १० ते १४ वयोगटासाठी, तिची चौकशी वेळेत करा. पुढे पदवीलाच नृत्य घ्यायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. हे माहीत असावं एवढंच, सातव्या वर्षी करिअरचं बोलणं नको.

स्टेजबद्दल थोडक्यात. गुरुपौर्णिमेला वर्गातल्या वर्गात, मग सोसायटीच्या गणपतीत, मग वार्षिक कार्यक्रम, अशा पायऱ्यांनी गेलं की भीती वाटत नाही. गणपतीत लेझीम, कोळी, लावणी यातही मुलांना नाचू द्या, कथक शिकतोय म्हणून ते खालचं असं घरात कोणी बोलू नये, लेझमीची लय पक्की असलेल्या मुलाला तत्कार लवकर येतो हा माझा अनुभव आहे.

नववी-दहावी

सगळ्यात जास्त मुली इथे सुटतात. सहा-सात वर्षं शिकलेली मुलगी, हात-पाय आता कुठे बोलायला लागलेले, आणि "दहावी आहे" म्हणून एका दिवसात बंद. मला ह्याचं फार वाईट वाटतं. पूर्ण बंद करू नका, आठवड्यातून एकच दिवस ठेवा, ताईंशी बोलून त्या वर्षी नवीन काही न घेता फक्त जुनं म्हणायचं आणि अर्धा तास तत्कार, घाम गाळून घरी. दिवसभर बसून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या पाठीला आणि डोक्याला त्याची गरजच असते. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे, त्याचे नियम आणि मुदत शाळेत नववीतच विचारून घ्या, प्रमाणपत्रांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून ठेवा. आणि बंद झालंच, दोन वर्षं, दहा वर्षं, तर परत येताना जुन्या परीक्षेच्या पातळीवरून सुरू करायचा आग्रह धरू नका. पहिला महिना नव्या बॅचबरोबर बसा, त्रिताल हातावर घ्या, ठायीत तत्कार करा, आणि घुंगरूंच्या दोऱ्या बदलून घ्यायला टाका, इतक्या वर्षांत त्या नक्की कुजलेल्या असतील.